गावभर जेवणारे अरुणकाका

अरुणकाका कुणाला ‘बोंझूर’ म्हणत नसत. ते विचारत, ‘‘आव्हे-व्हू मांजे?’’ म्हणजे ‘जेवलात का?’ आमच्या नागपुरात हे नुसतं बोलणं सुरू करायचं निमित्त. पण कॅनडाच्या क्यूबेकमधल्या त्या शंभरेक घरांच्या फ्रेंच गावानं अर्थ लावला, की बिचाऱ्याला भूक लागलीय. लोक त्यांना आत बोलावून वाढू लागले. पाद्रीबाबांनी तर एकदा गुपचूप त्यांच्या दारात मटारचे डबे ठेवले.

काका माझ्या बाबांचे मावसभाऊ. तिथल्या कागद गिरणीत इंजिनियर होते. गिरणी बंद पडली, तरुण मंडळी माँट्रियलला गेली, काकू वारल्या. काका मात्र तिथून हलले नाहीत. मी महिन्यातून एकदा माँट्रियलजवळच्या लव्हालहून ग्रोसरी घेऊन जायचो, तर फ्रिजमध्ये मागच्या खेपेची वांगी तशीच! काका शाकाहारी, पण सूपमधला डुकराच्या मांसाचा तुकडा बशीखाली सरकवण्यात तरबेज झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

‘‘काका, सरळ बोंझूर म्हणा ना. लोकांचा गैरसमज होतो.’’

‘‘होऊ दे ना बाप्पा!’’

एका मार्चमध्ये ते मला जिनेटबाईंकडे घेऊन निघाले. बाईंचा नवरा हिवाळ्याच्या सुरुवातीला वारला होता. तेव्हापासून काका रोज त्यांचं दार वाजवत आणि बाई ‘जेवले’ म्हणून दार लावून घेत.

‘‘कशाला मागे लागता? जेवायला दहा घरं आहेत की,’’ मी वैतागून म्हणालो.

काका रस्त्यातच थांबले. ‘‘अबे, मी काय जेवायला जातो का? तुझी काकू गेली तेव्हा तीन महिने नुसता ब्रेड खाल्ला मी. एकट्यासाठी कोण स्टोव्ह पेटवते? पाहुणा आला तर माणूस रांधते, अन् रांधलं तर दोन घास खाते.’’

मी इतके दिवस त्यांना फुकटे समजत होतो. माझी मलाच लाज वाटली.

जिनेटबाईंनी दार अर्धंच उघडलं. फार वाळल्या होत्या. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

‘‘हो, जेवले,’’ म्हणत त्या दार लावू लागल्या.

‘‘मी नाही जेवलो,’’ काका फ्रेंचमध्ये म्हणाले. हे ते आजवर कुणालाच म्हणाले नव्हते.

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि बाजूला झाल्या. आम्ही बूट काढले. बाईंनी फडताळातून एक लहान पातेलं काढलं, आम्हा दोघांकडे वळून पाहिलं, ते परत ठेवलं आणि मोठं काढलं.