डोमाजी कावळ्याचा चौथा अल्बम

एका जंगलात, मुलांनो, पाच जणांचा एक बँड होता, आणि त्याच्या चाहत्यांपैकी एकालाही दोन्ही कानांनी नीट ऐकू येत नव्हतं.

बँडचं नाव ‘खडखडाट’. सुतारपक्षी ड्रम वाजवायचा. दोन रातकिडे गिटारवर होते. बेडूक बेसवर होता. आणि गायक होता डोमाजी कावळा.

ते मेटलकोर वाजवायचे. म्हणजे काय, ते सांगतो. आधी गायक असा ओरडतो, जणू त्याची शेपटी दगडाखाली सापडली आहे. मग मधेच एक गोड तुकडा येतो. तो बेडूक गायचा, आणि तो छोटाच असावा यावर सगळ्यांचं एकमत होतं. मग सगळी वाद्यं एकदम जड आणि संथ होतात. याला ब्रेकडाउन म्हणतात. तेव्हा ऐकणाऱ्यांनी मान खाली घालून एकमेकांवर धडकायचं असतं. यात मजा काय, असं विचारू नका. तुम्ही अजून लहान आहात.

या बँडचे दोन चाहते होते. म्हणजे पुष्कळ होते, पण मी या दोघांचंच सांगणार. शिरपा आणि दौल्या, सख्खे भाऊ, जातीने साळिंदर. शिरपा थोरला. तो धडकायला उतरला की मैदान आपोआप रिकामं व्हायचं. दोघांत इअरफोनची एकच जोडी होती. एक कान याचा, एक कान त्याचा. जंगलात इअरफोन कुठून आले, असं कोण विचारतंय? तुमच्याकडे कुठून आले?

तर बँडचा चौथा अल्बम येणार होता. नाव ‘कोवळं ऊन’. दौल्याने ते नाव दोनदा वाचलं. त्यातलं एक गाणं आधी बाहेर पडलं. त्यात डोमाजी ओरडलाच नव्हता. सहा महिने कोकिळेकडे शिकवणी लावून तो गोड गायला होता.

समीक्षक पोपट म्हणाला, बँड आता परिपक्व झाला. मग झाडावरचे सगळे पोपट तेच म्हणाले.

दौल्या चिडून मोबाइल ओढ्यात टाकायला निघाला. शिरपाने त्याचा पाय धरला. तो म्हणाला, “एका गाण्यावरून बोलू नये. आख्खा ऐकू, मग शिव्या घालू.”

अल्बम शुक्रवारी येणार होता. शिरपा बुधवारी गेला.

जंगलातून नवा रस्ता झाला होता. संकट आलं की साळिंदर पळत नाही. पाठ वळवतो, काटे उभे करतो आणि थांबतो. वाघसुद्धा त्याला वळसा घालतो. ट्रकने घातला नाही.

शुक्रवारी अल्बम आला. दौल्याने तो बिळात बसून आख्खा ऐकला. सात वेळा ऐकला. एक इअरफोन कानात घातला आणि दुसरा शेजारी ठेवला. पुढचं सांगतो.

दहाव्या दिवशी सगळे नातेवाईक नदीवर जमले. पळसाच्या पानावर भाताचा पिंड ठेवला. कावळा त्याला शिवला की गेलेला सुटला. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली, तो अडकला. तुमच्याकडेही असंच असतं, घरी विचारा.

अडचण एकच होती. त्या जंगलातले बाकीचे कावळे शहराजवळच्या कचरा डेपोवर राहायला गेले होते. तिथे सोय चांगली होती. उरला होता एकटा डोमाजी. सकाळी दहावा, संध्याकाळी कार्यक्रम, असं त्याचं चाललेलं असायचं.

डोमाजी आला आणि जांभळाच्या शेंड्यावर बसला. पिंडाकडे त्याने बघितलंही नाही.

नातेवाईकांनी हात जोडले. मामाने पिंडाला वचन दिलं की शिरपाच्या आईच्या बिळाचं तोंड ढासळलंय, ते मी बांधून देतो. डोमाजी हलला नाही. मावशी म्हणाली, पोरांच्या त्या गाण्यांना मी पुन्हा नावं ठेवणार नाही. डोमाजीने पंख झटकले. एका चुलत भावाने तर शिरपाचं उसनं नेलेलं रताळं परत करायचं कबूल केलं. ते त्याने केव्हाच खाल्लं होतं.

ऊन डोक्यावर आलं. भात वाळायला लागला.

मग डोमाजी खाकरला आणि म्हणाला, “अल्बम ऐकलात का?”

सगळे ऐकला ऐकला म्हणाले. कुणीच ऐकला नव्हता.

मामा म्हणाला, फार गोड झालाय. डोमाजी एक फांदी खाली आला.

हे लक्षात येताच नातेवाईकांना जोर चढला. मावशी म्हणाली, मला तर रडू आवरेना. ती बुधवारपासून रडतच होती. डोमाजी आणखी एक फांदी उतरला. कुणी आवाजाला मधाची उपमा दिली, कुणी दवाची. चुलत भाऊ म्हणाला, कोकिळेने आता गाणं सोडावं. डोमाजी सगळ्यांत खालच्या फांदीवर आला. पिंड तिथून हातभर होता.

तिथून त्याला दौल्या दिसला. जुना चाहता. पहिल्या रांगेतला.

“तू बोलला नाहीस,” डोमाजी म्हणाला. “तुझं मत काय?”

सगळे दौल्याकडे बघायला लागले. मामाने डोळे वटारले. आई हळूच म्हणाली, “बाळा, छान म्हण. दादा अडकलाय तुझा.”

मुलांनो, ‘छान’ हा फार लहान शब्द आहे. दौल्याने तो म्हणायला तोंड उघडलं होतं.

“नाही आवडला,” तो म्हणाला.

डोमाजी एक फांदी वर गेला.

“तिसरं गाणं बरंय. लवकर संपतं.”

आणखी एक फांदी. मामाने दौल्याला मागून ढोसलं. पण एकदा सुटलेला दौल्या थांबणारा नव्हता.

“डोमादादा, तुम्हाला गोड गाता येत नाही. तुम्हाला ओरडता येतं. दहा दिवस झाले, मला ओरडायचंय. बिळात ओरडलो तर आई घाबरते. बाहेर ओरडलो तर मामा म्हणतो, शेजारी काय म्हणतील. म्हटलं, जाऊ दे, शुक्रवारी अल्बम येतोय. डोमादादा ओरडेल आपल्या वाटचं. मी सात वेळा ऐकला. तुम्ही उन्हावर गाताय. कोवळ्या.”

आईने डोळे मिटले.

डोमाजीचा गळा फुगला. मान ताठ झाली. सहा महिन्यांची शिकवणी एका क्षणात उतरली आणि तो ओरडला. जांभळं गळून पडली. पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राहिली. तो नमकहराम म्हणाला, अडाणी म्हणाला, पुढचे शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. शेजारच्या झाडावर सुतारपक्षी होता. त्याची चोच सवयीने चालू झाली. नदीतून बेडकाने साथ धरली. आणि मग सगळं एकदम जड आणि संथ झालं.

मामाची मान आपोआप खाली गेली. मावशी चुलत भावावर धडकली. सगळे साळिंदरच होते, तेव्हा काय झालं असेल ते तुम्हीच समजा. मामा पुढे आठ दिवस पोटावर झोपत होता.

दौल्याही ओरडत होता. पोटातून. डोमाजी थांबला तरी ओरडत होता.

मग डोमाजीने दौल्याच्या डोळ्यांवर झेप घेतली. दौल्याने काटे उभे केले. डोमाजीने हवेतच अंग मागे खेचलं आणि दोन्ही पायांनी भातात उतरला.

“शिवला,” आई म्हणाली.

डोमाजीने नदीत पाय धुतले आणि उडून गेला. खडखडाटच्या कार्यक्रमाला यापुढे साळिंदरांना बंदी, असं त्याने संध्याकाळी जाहीर केलं. पाचवा अल्बम आणखी गोड निघाला. पोपट म्हणाला, आणखी परिपक्व. नदीवरचं ते ओरडणं कुणी रेकॉर्ड केलं नव्हतं. बँडचं तेच सगळ्यांत भारी गाणं होतं, आणि हे माझं मत आहे, ज्याला पटत नसेल त्याने उठून जावं.

मामा अजून सांगतो की पिंडाला कावळा त्याच्या वचनामुळे शिवला. बिळाचं तोंड अजून ढासळलेलंच आहे.

तात्पर्य: कलाकाराने मत विचारलं तर छान म्हणावं. खरं मत देऊन कुणाही जिवंताचं भलं होत नाही. फार तर एखादा मेलेला सुटतो.