शहात्तरचे एकशे सोळा

रेजिनाचा अर्ज शाळेत गेला तेव्हा तिचा बाप सिप्रियन गावात, उमेळ्यात नव्हता, आणि तिथेच सगळं बोंबललं.

सिप्रियन मुंबईच्या एका गोल्फ क्लबात हिरवळ राखायचा आणि शनिवारी घरी यायचा. सोमवारी क्लब बंद, म्हणून नोकरमाणसांना त्या दिवशी खेळायची मुभा. मेंबरांनी टाकलेल्या काठ्या जोडून त्याने लेकीला सात वर्षं शिकवलं. त्यामुळे शाळेच्या हजेरीबुकात रेजिनाला सात वर्षं दर सोमवारी ताप होता. पोरगी आता अठरा भोकांचा फेरा शहात्तर फटक्यांत मारायची. या खेळात फटके जितके कमी तितका खेळाडू मोठा.

अमेरिकेतलं एक कॉलेज असल्या मुलींना फुकट शिकवतं, असं एका मेंबराने सांगितलं. अर्जाला फक्त हेडमास्तरांचं पत्र हवं होतं, आकड्यासकट.

हेडमास्तर नरहरी सर म्हणजे देवमाणूस. पाच मार्कांसाठी त्यांनी आजवर एकही पोर नापास केलं नव्हतं.

"शहात्तर?" अर्जाला जोडलेली आकड्याची चिठ्ठी बघून ते हळहळले. "अमेरिकेत शहात्तरला कोण कुत्रं विचारतंय? शहाऐंशी करू."

"सर, तिकडे सगळ्या नव्वदच्या वरच्याच असणार," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्या गणित शिकवायच्या.

"मग शहाण्णव."

"द्यायचेच तर हात आखडता कशाला? शंभरपैकी आहेत असं कुठे लिहिलंय?"

सरांनी एकशे सोळा लिहिले, सही ठोकली, शिक्का मारला आणि स्वतः जाऊन पत्र विमानाच्या टपालात टाकलं. शनिवारी ही आनंदाची बातमी द्यायला ते जातीने सिप्रियनच्या घरी आले.

"अरे देवा! सर, ते मार्क नाहीत, फटके आहेत!" सिप्रियन ओरडला. "कमी असायला पायजेत! एकशे सोळा आमच्याकडे फक्त ढेरपोटे मेंबर मारतात, तेपण अर्धे मोजायचे विसरून!"

"कमी मार्कवाल्याचा पहिला नंबर?" सर गोरेमोरे झाले. "हा कसला हलकट खेळ, सिप्रियन?"

रेजिनाने हातातली काठी थेट विहिरीत फेकली आणि जी रडायला बसली ती जेवायलाही उठेना. तिची आई लूर्डस सरांना चहा द्यायचा की नाही, याच विचारात पडली. शेवटी दिला, पण बिनसाखरेचा.

"सर, दुसरं पत्र लिवा की. चुकलं म्हणून," लूर्डस म्हणाली.

"आधी एकशे सोळा, मग शहात्तर? अहो, दोन्ही खोटं वाटेल."

ते खरंच होतं. दोन महिने घरात कोणी गोल्फचं नाव काढलं नाही. मग एक दिवस सर धापा टाकत, हातात कॉलेजचं उत्तर घेऊन आले. त्यांनी ते उभ्यानेच मराठीत सांगितलं.

"लिहितात, 'दोनशे अर्ज आले. बाकी प्रत्येकीचा आकडा सत्तरच्या घरात. दरवर्षी इथे आल्यावर असल्या निम्म्या मुली शंभराच्या आत येत नाहीत. इतका भिकार आकडा सही-शिक्क्यानिशी कळवणारी तुमची एकच शाळा. खेळ आम्ही शिकवू, खरेपणा शिकवता येत नाही. मुलीला पाठवा.'"

लूर्डसने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि पोरीला घट्ट मिठी मारली. सिप्रियनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नरहरी सर तर हजार मुलं पास झाल्यासारखे हसत होते.

"पप्पा," रेजिना आईच्या मिठीतून म्हणाली, "पण तिकडे जाऊन मी शहात्तर मारले तर?"

सरांचं हसू मावळलं. "मग मी खोटारडा ठरलो गं. अन् तुला परत पाठवतील."

सोमवारी सिप्रियन लेकीला क्लबात घेऊन गेला आणि तळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हाण तिकडे!" तिने डोळे मिटून हाणला. चेंडू काठावरच्या दगडाला लागून उडाला आणि गडगडत भोकावरच्या झेंड्यापाशी जाऊन थांबला. "पप्पा, नाही ना जमत!" ती रडकुंडीला आली. झाडीत मार, वाळूत मार, उलट्या हाताने मार, असं करत संध्याकाळपर्यंत फेरा संपला. सिप्रियनने दोनदा मोजलं आणि कपाळावर हात मारला.

"एकोणऐंशी! अगं, जरा जीव लावून खेळ की! अजून सदतीस कमी पडतायत."