फिदेला आत्या गेल्याची शीळ

उबाल्दोसारखी शीळ अख्ख्या ला गोमेरा बेटावर कोणी घालत नाही. हे माझं मत नाही हो, उबाल्दोचंच आहे, आणि दिवसातून दोनदा तरी तो ते ऐकवतो! आमच्याकडे दऱ्याच अशा, की समोरच्या उतारावरचा माणूस चेहऱ्यासकट दिसतो, पण त्याच्याकडे चालत जायचं म्हटलं तर जेवणाची वेळ टळते. म्हणून आम्ही शिळेनेच बोलतो. शेळी व्याली, पाव संपले, माझ्या नवऱ्याला घरी पाठव, सगळं!

तर त्या दिवशी उबाल्दो पाहुण्यांची एक तुकडी जंगलातल्या पायवाटेने खाली उतरवून दरीच्या टोकावर घेऊन आला. पाहुण्यांत डीटरसाहेब होते. सहलीच्या कंपनीचे मोठे साहेब! त्यांना कार्यक्रम पसंत पडला, तर आठवड्याला दोन बसगाड्या पक्क्या. नाहीतर उबाल्दोला थोरल्या बेटावर जाऊन हॉटेलात बशा विसळायच्या होत्या. मागच्या हिवाळ्यात त्याने त्या विसळल्या होत्या, आणि अजून साबणाचा वास आला तरी त्याचं डोकं फिरायचं.

"आता बघा साहेब!" उबाल्दोने बोट वाकवून तोंडात घातलं. समोरच्या उतारावर त्याचा दोस्त चानो बटाट्याला पाणी देत होता. उबाल्दोने शीळ घातली, "चानो, टोपी काढ आणि नाच!"

चानोने टोपी काढली आणि दोन गिरक्या घेतल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डीटरसाहेबांनी जांभई दिली.

"हे ठरलेलं आहे," ते म्हणाले. "मागच्या वर्षी एका गावात पोपट पत्ते ओळखत होता. तोही ठरलेलाच होता."

पोपट! उबाल्दोचे कान लालबुंद झाले. "ठरलेलं? मग तुम्ही सांगा काय बोलू ते!"

"असं काहीतरी बोल, की ऐकणारा जागेवर बसणारच नाही. कुणीतरी मेलं म्हणून सांग."

उबाल्दो चपापला. आमच्याकडे पोरांना शीळ शिकवताना पहिल्याच दिवशी कान पिळून सांगतात, आग आणि मरण या दोन गोष्टी गमतीत घालायच्या नाहीत.

"जमत नाही ना?" डीटरसाहेब पँटची धूळ झटकत उठले. "वाटलंच मला."

उबाल्दोच्या डोळ्यांपुढे बशांचा ढीग उभा राहिला. तेवढ्यात त्याला आठवलं, फिदेला आत्या सकाळच्या बोटीने डोळे दाखवायला थोरल्या बेटावर गेलीय. तिला काही ऐकू जायचं नाही. आणि आपण लगेच सांगून टाकू, की गंमत होती!

त्याने छाती भरून शीळ घातली, "फिदेला आत्या गेली!"

समोर चानोने टोपी काढली. या वेळी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग जो काही गलका सुटला! "कुठली फिदेला? आपली?" "कधी गेली?" "काल तर माझ्याशी भांडली!" एका उतारावरून दुसऱ्यावर, तिथून पलीकडच्या दरीत. खालच्या देवळात घंटा सुरू झाली. पाहुण्यांबरोबरचा दुभाष्या त्यांना एकेक शिळेचा अर्थ सांगू लागला.

उबाल्दोने घाईघाईने बोट तोंडात घातलं, "खोटं आहे! आत्या जिवंत आहे!"

"रड बाबा, रड," चानोची शीळ आली. "माझी आई गेली तेव्हा मीही असंच म्हणत होतो."

"अरे, खरंच जिवंत आहे रे! मी गंमत केली!"

"पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय!" खालून सेवेराबाईंनी शीळ घातली. "कुणीतरी त्याला साखरपाणी द्या! आणि हो, माझं तांब्याचं पातेलं तिच्याकडे आहे. कुलूप लावायच्या आत काढून ठेवा!"

"ती पांढऱ्या कानाची शेळी तिने मला द्यायचं कबूल केलं होतं!" हा सिरिलो.

"कधी?"

"मनातल्या मनात!"

उबाल्दोने कपाळाला हात लावला आणि सहज खाली बघितलं. टोकाच्या बरोब्बर खाली आत्याचं घर. आणि अंगणात, समोरून दिसणार नाही अशी भिंतीआड, खुर्चीवर, काळा चांगला झगा घालून, मांडीवर प्रवासाची पिशवी घेऊन साक्षात फिदेला आत्या बसली होती! लाटा होत्या म्हणून सकाळची बोट सुटलीच नव्हती.

"आत्या!" उबाल्दो किंचाळला. "अगं, सांग त्यांना, तू जिवंत आहेस!"

"गप्प बस रे मेल्या!" आत्या वर न बघताच म्हणाली. "मला ऐकू दे. शेळी हवी काय त्या सिरिलोला? बघते मी त्याच्याकडे!"

"अगं, पण लोक निघतील घरून!"

"निघू देत. जन्मात कधी आले नाहीत माझ्याकडे."

आणि मग वरच्या वाफ्यांवरून एक जुनाट, फाटकी शीळ आली. सगळ्या शिळा आपोआप थांबल्या, कारण ती ओलेगारिओची होती. ओलेगारिओ आत्याचा शेजारी. त्याच्या शेळीने आत्याचा द्राक्षाचा वेल खाल्ला, त्याने कानांवर हात ठेवले, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. तेव्हा उबाल्दो पाळण्यात होता!

"फिदेला," शीळ थरथरत होती, "वेल माझ्याच शेळीने खाल्ला गं. मला माहीत होतं. रोज सकाळी तुझ्या चुलीचा धूर दिसला, की मी माझी कॉफी ठेवायचो. आता उद्या कधी ठेवू?"

आत्या खरोखर गेल्यासारखंच वाटायला लागलं उबाल्दोला.

खाली आत्याने पिशवी जमिनीवर ठेवली. कवळी काढून खिशात टाकली. बोट वाकवलं. तिची शीळ गेली कित्येक वर्षं कुणी ऐकली नव्हती, पण ओळखली सगळ्यांनी!

"ओलेगारिओ! शेवटचं नीट ऐकू आलं नाही. परत सांग!"

देवळातली घंटा अर्ध्यावरच थांबली. चानो बटाट्याच्या वाफ्यात मटकन बसला. कुठेतरी कुणीतरी "देवा!" म्हणून जोरात ओरडलं.

"आणि सेवेरा, पातेलं माझं आहे!"

मग आत्या काठी टेकत पायऱ्या चढून वर आली आणि पहिलं काम म्हणजे तिने उबाल्दोच्या पाठीत काठी घातली. दुसरं कामही तेच केलं. उबाल्दो कळवळत डीटरसाहेबांकडे वळला. झालं! आता बशाच!

पण डीटरसाहेब डोळे पुसत होते. "वा! काय बसवलंय! घंटा काय, शेळी काय, तो म्हातारा काय! आणि या बाई! मी कंपनीला आजच कळवतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन्ही बसगाड्यांना हाच कार्यक्रम!"

"साहेब, हे बसवलेलं नाही! खरं होतं हो!"

"हो, हो," डीटरसाहेबांनी डोळा मारला. "शेवटी असंच म्हणायचं. छान आहे."

उबाल्दोने हताशपणे आत्याकडे बघितलं. आत्या वरच्या वाफ्यांकडे बघत केस सारखे करत होती.

"मरते की मी," ती म्हणाली. "मंगळवारी काय, शुक्रवारी काय. पण ओलेगारिओने दर वेळी सगळं म्हणायचं. एक शब्द गाळायचा नाही!"

"अगं आत्या, आठवड्यातून दोनदा मरायला लागलीस, तर खरंच गेल्यावर कोण विश्वास ठेवणार?"

"त्याला कळेल," आत्या म्हणाली. "तो धूर बघतो."

उबाल्दो पाठ चोळत राहिला, आणि मागे पाहुणे पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.