जयवंतचं नाक

आमचा जयवंत माणसाला आधी हुंगतो, मग ओळख दाखवतो. वर्गातली मुलगी मोगऱ्याचा गजरा माळून आली की हा डोळे मिटून म्हणणार, "वा! बेंझिल अ‍ॅसिटेट!" मोगरा म्हटलं तर याची जीभ झडेल जणू. पटलं नाही की वर, "माझं ऐकू नका, नाकाला विचारा!"

२०१७ साली आम्ही दोघं ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करत होतो. मी तलासरीकडच्या झरीचा. रोजची ये-जा नको म्हणून डहाणूच्या किनाऱ्यावर त्याच्याच घरी राहायचो. त्याची आई, म्हणजे आमची काकी, बोंबील वाळवून बाजारात विकायची.

प्रयोगशाळेत बाटली हुंगायची नाही, हा पहिला नियम. परीक्षेत अनोळखी पदार्थ ओळखायला दिला. आम्ही परीक्षानळ्या तापवतोय, आणि हा बूच काढून ओरडला, "सर, अमाइन! आमच्या अंगणात रोज वाळत असतं!" उत्तर बरोबर होतं, मासळीचा वास अमाइनचाच. सरांनी तरीही बाहेर उभं केलं. तिथून हा पठ्ठ्या कॅन्टीनमध्ये काय शिजतंय ते खिडकीतून आम्हाला कळवत राहिला.

पुढे गडी पहिला आला. सर म्हणाले, "सत्काराला आईला आण." काकीने साफ सांगितलं, "मी नाय येत. माझ्या हाताचा वास जात नाय. बाया नाकाला पदर लावतात, तुझीच लाज जाईल."

त्या दिवशी जयवंत जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र उठला तोच ओरडत. "वास म्हणजे अमाइन! आंबट लावलं की त्याचं मीठ होतं. मिठाला कुठला वास?" आणि संशोधन सुरू झालं, माझ्या हातांवर! आधी बोंबील चोळायचे, मग चिंच, कोकम, व्हिनेगर, लिंबू. "तुझे हात का नाही रे?" म्हटलं, तर म्हणतो, "मला सवय आहे, निकाल चुकेल." शेवटी लिंबू जिंकलं. माझ्या हातांची मात्र चटणी झाली.

सत्काराच्या सकाळी त्याने काकीच्या एकेका नखाला लिंबू चोळलं. काकी पहिल्या रांगेत बसली. शेजारच्या बाईंनी चक्क तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. काकीचा आनंद बघण्यासारखा होता हो! जयवंत बक्षीस घेऊन आला, पाया पडला आणि सवयीने तिचे हात नाकाशी नेले. त्याचा चेहरा उतरला.

"येतो काय रे अजून?" काकी घाबरली.

"नाय गं. कसलाच नाय."

मी मनात म्हटलं, प्रयोग जमला, मग सुतकी तोंड कशाला?

संध्याकाळी काकी जुनं लुगडं नेसून बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढायला गेली. हा सत्काराच्या शर्टातच तिच्यामागे. तिचा हात घेतला, नाकाशी धरला आणि सोडेचना.

"सोड रे, नवा शर्ट नासेल," काकी ओरडली.

मी चिडवलं, "बोला शास्त्रीबुवा, कुठलं अमाइन?"

"गप रे," तो म्हणाला. "आई आहे ती."