नाल ठोकलेल्या चपला

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांना नाल ठोकून मिळतात, हे तुम्हाला माहीत असेल. पण तिथे स्वतःच्या चपलांना नाल ठोकून घेणारी बाई काही तुम्ही पाहिली नसेल. मी पाहिली आहे. पाहिली कसली, ती माझी चुलत सासूच आहे. सगळी गल्ली तिला जिजी म्हणते.

जिजी नालबंदापुढे घोड्यांच्या रांगेत कशी उभी राहिली, हे आमच्याकडे आजही रंगवून सांगतात. तिची पाळी आली तेव्हा नालबंदाने विचारलं, घोडी कुठे आहे? जिजीने पायातल्या चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या. तो बिचारा आधी हसला, मग तिचं तोंड बघून त्याने गुपचूप हातोडी उचलली.

चपलाही बायकांच्या नाहीत. पुरुषी, जाड कातड्याच्या, पंजाला ऐसपैस. मुलगा सुरतेला, घरात ही एकटीच, तरी चपला दिवसभर पायात. तुळशीला पाणी घालताना तेवढ्या काढते. देव कधी टोकायला आला नाही, म्हणून त्याचा मान ठेवायचा, असं तिचं म्हणणं. ती निघाली की खट खट खट आवाजाने कुत्री उठून बाजूला होतात, निजलेली पोरं दचकून रडतात आणि त्यांच्या आया कुरकुरतात. त्यावर जिजीचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं.

"पाय मन्हा, रस्ता सरकारना."

आता पाराचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे आणि त्याच्यासमोर पिंपळाचा पार. तिथे गावातली म्हातारी मंडळी बसलेली असतात. त्यांच्यासमोरून जाताना सुनेने चपला काढून हातात घ्यायच्या, ही रीत. गावच्या लेकींना माफ. मी नंदुरबारची. लग्न ठरताना मला सांगितलं होतं की आमच्याकडे सुनेने ड्रेस घातला तरी चालतो, नोकरी केली तर फारच चालते. शहाद्याला एका दवाखान्यात मी रक्त तपासायचं काम करते. माझ्या पगाराला पाराची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती चपलेला. उत्तमआबा, म्हणजे जिजीचे धाकटे दीर, हे पारावरचे न्यायाधीश, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून माझे सासरे. सासरे स्वभावाने मवाळ. एवढ्याशा वाटेचा तर प्रश्न आहे, म्हणाले.

एवढीशी वाट! माझी पाळी दुपारची, महिना वैशाखाचा आणि खाली डांबर. पहिल्याच दिवशी तळव्यांना फोड आले आणि पुढे संध्याकाळपर्यंत उभ्याने काम. रीत मोडायची माझ्यात हिंमत नव्हती आणि नोकरी सोडायची इच्छा नव्हती. पण असंच चाललं असतं तर नोकरीच सुटली असती.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी जिजी उभी. तिलाही स्टॅन्डवर जायचंय, म्हणाली, आणि माझ्या होकाराची वाट न बघता पुढे निघाली. खट खट खट. आबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. थोरल्या भावजयीला टोकता येत नाही आणि तिच्या पायातल्या चपला बघवत नाहीत, मग माणसाने करावं काय? आबांनी तोंड मारुतीकडे फिरवलं. त्यांचं बघून एकेकाने फिरवलं. सगळ्या पाराची पाठ रस्त्याकडे झाली तशी जिजीने मागे न बघता मला हाताने खूण केली. मला आधी कळेचना. मग कळलं. मी चपला खाली टाकल्या, पाय सरकवले आणि तिच्या मागून निघाले. नालांच्या दणदणाटात माझा आवाज कुणाला ऐकू आला नाही.

मग हे रोजचंच झालं. जिजीचं स्टॅन्डवर काडीचं काम नसायचं. मला बसमध्ये बसवायची आणि परत फिरायची. म्हातारीला स्टॅन्डचं वेड लागलं, असं गाव म्हणायला लागलं. हळूहळू माझ्या मागे आणखी दोघी-तिघी सुना आल्या. एकदा धडगावकडून कापूस वेचायला आलेली एक बाई चपला हातात घेऊन पारासमोरून चाललेली दिसली. मजुरांनीही तिथे चपला काढायच्या असं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. असल्या गोष्टी सांगाव्या लागतच नाहीत. जिजी तिच्यापुढे जाऊन थांबली.

"तुन्हा कोन सासरा बठेल शे आठे?"

तुझा कोण सासरा बसलाय इथे, हे अहिराणीतलं त्या बाईला कळलं नसावं, पण जिजीचं बोट कळलं. तिने चपला घातल्या. तिला जायचं होतं शेतात, पण जिजीच्या धाकाने तीही आमच्या रांगेत स्टॅन्डपर्यंत आली.

मला वाटायचं, बाईला चपलांचा भारी शौक आहे.

परवा मला सुट्टी होती. कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन दुपारी जिजीकडे गेले. दार उघडं, पण घरात खट खट नाही. मागच्या अंगणात ती दगडावर बसली होती. चपला लांब भिंतीशी भिरकावलेल्या, आणि ही बोटांना तेल लावत होती. बोटं फाकलेली, कडेची कातडी सोलवटलेली, टाचेवर जुन्या फोडावर नवा फोड. मला बघून तिने घाईघाईने पदर पायांवर ओढला.

"सारा जनम अनवानी गया, बाई. पाय पसरी गयात," ती म्हणाली. "आते कोन्ती बी चप्पल चावस. माले अनवानीच बरं लागस."

"मग घालता कशाला?" माझा आवाज चढला. राग आला होता की रडू, माझं मलाच कळत नव्हतं.

"तू शे ना मांगे," जिजी म्हणाली.

मी पाणी आणलं. पाय धुऊन तिला पट्टी बांधली आणि निघताना सांगितलं, उद्या मी पुढे चालणार, तुम्ही चपला घालायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुढे निघाले. माझ्या रबरी चपलांना आवाज नाही, त्यामुळे कुणी तोंड फिरवलं नाही. सगळ्यांनी सगळं पाहिलं. आबांनी माझे पाय पाहिले आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना मागे जिजी दिसली. अनवाणी, चपला हातात. आबांचा चेहरा एकदम खुलला. म्हातारी अखेर ठिकाणावर आली, असं त्यांना वाटलं असणार.

"काय वहिनी, आज चपला हातमा?"

"पाय मन्हा, रस्ता सरकारना," जिजी म्हणाली आणि चालत राहिली.

माझे सासरे माझ्या चपलांकडे बघत होते. त्यांनीही तोंड फिरवलं नाही. मी चालत राहिले. जन्मात पहिल्यांदा जिजी त्या पारासमोरून आपल्या मर्जीने अनवाणी चालत होती, आणि मला मागे वळून तिच्याकडे बघता येत नव्हतं, कारण माझे डोळे भरून आले होते.