नेत्राचा रेणू आणि सोनूबाईंचे सोडे

"मी आहे ना! तू बिनघोर जा मुंबईला. तुझ्या कॉम्प्युटरला इथे कोणी बोटसुद्धा लावणार नाही!"

हे वाक्य दत्ताराम यांनी चक्क छातीवर हात ठेवून म्हटलं. म्हणून झाल्यावर ते स्वतःच इतके दचकले की दुसरं कोणी बोललं की काय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं! कारण दत्ताराम हा छातीवर हात ठेवणारा माणूसच नव्हे. उभी हयात वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेलेली. वाचक पुस्तक फाडून आणायचा आणि माफी दत्ताराम मागायचे. रिक्षावाल्याने घर मागे टाकलं तरी "थांबवा" म्हणायचा संकोच वाटून ते पुढच्या वळणापर्यंत जायचे आणि तिथून छत्री उघडून चालत परत यायचे. पण नात नेत्रा जायला निघाली होती, तिचा चेहरा काळजीने आमसुलासारखा झाला होता, आणि आबांच्या तोंडून शब्द निघून गेला.

नेत्राचा कॉम्प्युटर म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. तिच्या संशोधन संस्थेतल्या मोठ्या यंत्रांवर नंबर लागायला महिने जातात, म्हणून तिने सुटे भाग जमवून हे धूड स्वतः जोडलं होतं आणि आबांच्या मांडवी बंदराजवळच्या घरात, मागच्या खोलीत आणून ठेवलं होतं. आठवडाभर ते रात्रंदिवस घुमत होतं.

"पण नक्की करतंय काय गं ते?" आबांनी भीत भीत विचारलं होतं.

"कॅन्सरच्या पेशीत एक प्रथिन असतं आबा. त्याला एक खाच असते. आपला औषधाचा रेणू त्या खाचेत जाऊन बसला आणि बसून राहिला, तर ते प्रथिन गप्प होतं. तो बसून राहतो की नाही, याचा हिशेब चाललाय."

"म्हणजे कुलूप आणि किल्ली."

"हो, पण कुलूपही हलतंय, किल्लीही हलतेय, आणि दोन्ही पाण्यात बुडालेली आहेत."

"अरे बापरे!" आबा म्हणाले. त्यांना कोरडं कुलूप उघडतानाही घाम फुटायचा.

हिशेब गुरुवारी सकाळी पुरा होणार होता आणि दुपारी नेत्राला मुंबईत समितीसमोर उत्तर मांडायचं होतं. हिशेब अर्धवट राहिला, तर संशोधनाला मुदतवाढ नाही. मुदतवाढ नाही, तर तीन वर्षांची मेहनत खाडीत! तसं ती फोनवरून यंत्रावर लक्ष ठेवणार होती. आबांनी फक्त एकच करायचं होतं: काहीही करायचं नव्हतं. आणि काहीही न करण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी दत्ताराम यांची खात्री होती.

नेत्रा गेली त्या दुपारी दत्ताराम यांच्या पत्नी सोनूबाई खोलीत शिरल्या.

"अवो, ह्या पेटीच्या मागनं गरम वारा येतोय!"

"येणारच. ते काम करतंय."

"आन आमचे सोडे सादळून पोतेरं झालेत!"

आता आषाढातली मांडवी ज्याने पाहिली आहे, त्याला ही तक्रार समजावून सांगायला नको. भिंतींना घाम, गादीला घाम, काडेपेटीतल्या काड्या शेवयांसारख्या मऊ! त्यात मासेमारीला बंदी, होड्या काठावर ओढलेल्या, ताजी मासळी नाही. अशा दिवसांत उन्हाळ्यात सोलून वाळवलेल्या कोलंबीचे सोडे म्हणजे घरातलं सोनं. ते सादळले की बाईमाणसाची झोप उडते. आणि अख्ख्या आळीत कोरडी गरम हवा होती फक्त एका ठिकाणी, नेत्राच्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे!

"एकच ताट," सोनूबाई म्हणाल्या. "त्याला बोट कुठं लावतेय? मागं ठेवतेय."

दत्ताराम यांनी ताट ठेवायला जागा करून दिली.

संध्याकाळपर्यंत सोडे खणखणीत वाजायला लागले! सोनूबाईंनी ते कौतुकाने शेजारच्या काशीला दाखवले, आणि तिथेच घात झाला. काशी बोंबलांची माळ घेऊन आली. तिच्यामागून एकीचे पोह्यांचे पापड, दुसरीच्या फेण्या, तिसरीच्या पोराचा शाळेचा गणवेश. दोन दिवसांत त्या खोलीला आठवडा बाजाराची कळा आली. यंत्राच्या चारी बाजूंना ताटं, वर दोरी, दोरीवर बोंबील आणि मोजे शेजारी शेजारी. वासावरून कोणते कुठले ते कळत नव्हतं!

दत्ताराम यांचा जीव कासावीस झाला. रात्री अंथरुणात त्यांनी कडक शब्दांची तालीम केली. सकाळी काशी दारात उभी राहिली आणि त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते असं:

"काशीबाई, म्हणजे, राग मानू नका. पण आत जरा... औषध बनतंय. कॅन्सरवरचं. म्हणून म्हटलं..."

काशीचे डोळे मोठे झाले. ती माळ घेऊन तशीच परत गेली. दत्ताराम यांना वाटलं, जमलं! आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला नाही म्हणता आलं!

तासाभरात महिपत हजर. महिपतचा बंदरावर बर्फाचा धंदा. बंदीमुळे त्याच्याकडे बर्फही पडून होता आणि वेळही.

"दत्ताभाव, लपवून ठेवलंस होय रे! घरात औषध करतोस आन शेजाऱ्याचा गुडघा दुखतोय ते दिसत नाय?"

"अहो महिपतराव, ते तसलं औषध नाही. नुसता हिशेब आहे!"

"असूं दे. वाफ तर औषधाचीच ना?" असं म्हणून त्याने स्टूल ओढलं, लेंगा वर केला आणि गुडघा बोंबलांच्या मधोमध यंत्राला लावला. "आह्‌! काय सांगू तुला. निम्मा गेला बघ!"

दुसऱ्या दिवशी पडवीत रांग. कोणाची कंबर, कोणाचा खांदा. दत्ताराम प्रत्येकाला हात जोडून सांगत होते, "अहो, ही नुसती गरम हवा आहे!" आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणत होता, "खरं औषध करणारा असाच बोलतो." चहा करून करून सोनूबाईंचा पारा चढला. "तुमाला कोनी सांगितलं होतं औषधाचं बोलायला? माझे सोडे गप वाळत होते!"

बुधवारी दुपारी त्या रांगेत शेवटी गंगा उभी होती. वरच्या आळीतली, फारशी न बोलणारी. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली इस्पितळाची फाईल होती.

"ह्यांच्यासाठी आलेय," ती म्हणाली. "दाखवू का?"

दत्ताराम नेहमीसारखे हात जोडून पुढे झाले. पण आश्चर्य असं की त्यांची जीभ अडखळली नाही.

"गंगाबाई, माझं चुकलं. आत औषध नाही. औषध होईल की नाही, हे बघायची ही पहिली पायरी आहे. झालंच तरी फार वर्षं लागतील. तुम्ही डॉक्टरांचे उपचार सोडू नका."

गंगाने फाईल पुन्हा पिशवीत घातली. मग आत डोकावून खोलीचा तो अवतार पाहिला.

"मग त्याच्यावर बोंबील कशाला लटकवलेत?" ती म्हणाली. "त्याला काम करूं द्या की."

आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला.

"आबा! मशीन भयंकर तापलंय! काय झालंय तिथे?"

दत्ताराम यांनी पाहिलं. दोरीवरचा गणवेश घसरून यंत्राच्या पाठीला बिलगला होता, जाळ्या पापडांनी बुजल्या होत्या आणि महिपतचा गुडघा होताच.

"काही नाही गं. जरा... दमट हवा आहे."

"ते आपणहून बंद पडेल हो! उद्या सकाळपर्यंत कसंही करून थंड ठेवा!"

ताटं भराभर बाहेर गेली. गंगाच पुढे झाली, तिच्यापुढे काशीचीही ब्र काढायची छाती झाली नाही. एवढ्यावर थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायची गरज नव्हती. पण "थंड ठेवा" हे शब्द महिपतने ऐकले होते!

"थंड? हात्तिच्या! हे आधी नाय सांगायचं?"

दत्ताराम "नको, नको" म्हणेपर्यंत टेम्पो दारात लागला. ज्या माणसाने आयुष्यभर सुरमई टिकवली, त्याला दुसरं काय सुचणार! थर्मोकोलच्या पेट्या आल्या, फोडलेला बर्फ आला, आणि बघता बघता नेत्राचं यंत्र चारी बाजूंनी असं रचलं गेलं की फक्त भाव सांगायचा बाकी होता.

"लांब ठेवा हो! पाणी! पाणी होईल!"

"पेटीतनं गळत नाय. आपली पेटी हाय ती."

संध्याकाळी नेत्राचा फोन. "आबा, कमाल केलीत! एकदम खाली आलं! एसी आणलात?"

"तसंच काहीतरी," आबा म्हणाले.

पेटी सकाळी गळली! एक नव्हे, सगळ्या गळल्या. खोलीभर मासळीच्या वासाचं गार पाणी पसरलं आणि जमिनीवरच्या ज्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या फळीला कॉम्प्युटरची वायर जोडलेली होती, त्या फळीकडे ते सावकाश, गप्पा मारत निघाल्यासारखं सरकायला लागलं. वायर काढावी तर हिशेब मेला. न काढावी तर दत्ताराम मेले! शेवटी ते लाकडी स्टुलावर चढले आणि वसुदेवाने टोपली धरावी तशी ती फळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे राहिले. खाली महिपत आणि सोनूबाई गोणपाटाने पाणी टिपत होते.

"अवो, हात खाली नका घेऊ!"

"घेत नाहीये!"

"दत्ताभाव, आता तुझा गुडघा कसा हाय?"

"गप्प बसा!" दत्ताराम ओरडले. महिपत खरंच गप्प बसला. हा त्या घरातला ऐतिहासिक क्षण होता, पण हात अडकलेले असल्यामुळे दत्ताराम यांना त्याचा आनंद घेता आला नाही.

अखेर यंत्राचा घुमघुमाट उतरला. हिशेब पुरा झाला! दत्ताराम यांना दोघांनी धरून खाली उतरवलं. हात मात्र संध्याकाळपर्यंत वरच राहिले.

नेत्राचा फोन दुपार टळल्यावर आला. सोनूबाईंनी तो दत्ताराम यांच्या कानाला धरला.

"बसला का गं रेणू?" आबांनी घाईघाईने विचारलं.

"नाही आबा. दुसऱ्याच दिवशी खाचेतून बाहेर पडला. पुढचे सगळे दिवस नुसता पाण्यात हिंडत होता."

दत्ताराम यांना रडावं की हसावं कळेना. "बर्फामुळे का गं?"

"बर्फ? कसला बर्फ?"

"काही नाही. पुढे?"

"हा रेणू बाद. पण हिशेब शेवटपर्यंत चालला ना, म्हणून खात्रीने बाद म्हणता आलं. समितीने मुदत वाढवली! आता दुसरे रेणू घ्यायचे. मशीन दिवाळीपर्यंत आपल्याकडेच चालू ठेवू या, तुम्ही इतकं छान सांभाळलंत!"

फोन सोनूबाईंच्या हातात असल्याने त्यांना सगळं ऐकू आलं होतं. "दिवाळीपर्यंत!" त्या आनंदाने म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "काशी गो!"

पण आता दत्ताराम पूर्वीचे राहिले नव्हते. ज्याने महिपतला गप्प बसवलं, तो काय कोणाला घाबरणार! हात खाली आल्याबरोबर त्यांनी जाड कागद घेतला, वाचनालयातल्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं, "येथे काहीही वाळत घालू नये. अपवाद केला जाणार नाही." आणि खळ लावून तो खोलीच्या दारावर चिकटवला.

सकाळी पाहतात तर कागद सादळून, पापडासारखा वळून खाली पडलेला. शाई ओली, खळ ओली. दत्ताराम यांनी तो हळूच उचलला. सोनूबाई चुलीपाशी होत्या, काशी अजून आली नव्हती. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि घुमणाऱ्या यंत्राच्या पाठीमागे तो अलगद वाळत घातला.