दाबक्यांची सहा फुटांची पट्टी

शुक्रवार, १२ नोव्हेंबर १९९९. सकाळी साडेसात वाजता दाबक्यांनी अमिरातीतल्या अल ऐन शहरातील एका शाळेच्या मैदानाकडेने चुन्याची सहा फूट रुंद पट्टी आखण्यास आरंभ केला. अमेरिकन फुटबॉलचा त्यांना एकच नियम येत असे, तो या पट्टीचा. गुण कसे मोजतात हे त्यांना अखेरपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांनी कधी विचारलेही नाही.

हा खेळ आमच्या मुलांत आणला एका अमेरिकन प्राध्यापकाने. त्याच्या देशातील महाविद्यालयीन सामन्यांत कडेची पट्टी पंचासाठी मोकळी ठेवावी लागते. प्रशिक्षक वा इतर कोणी तीत शिरला, तर प्रथम ताकीद; पुन्हा शिरला, तर त्याच्या संघाला पाच यार्ड मागे नेतात, पुढे पंधरा. दाबके माझे कार्यालयातील सहकारी. नियम ऐकून ते मला म्हणाले, "नाना, इतका शहाणा कायदा मी पाहिला नाही. चूक मोठ्यांची, भोगतात पोरं. अगदी घरासारखं!" त्या दिवसापासून ते कडेचे पंच झाले.

गणपतीत त्यांनी नैवेद्याच्या टेबलापुढेही पांढरी टेप चिकटवली.

"जोशी, मागे व्हा. ही ताकीद."

"आणि पुन्हा आलो तर? मोदक पाच यार्ड मागे नेणार का, हबीबी?"

जोशी पुन्हा आले. दाबक्यांनी टेबल भिंतीपर्यंत मागे नेले.

लोक हसत. पुढे एका सामन्यात धावता मुलगा पट्टीत मांडलेल्या खुर्चीवर आदळला आणि त्याचे दोन दात गेले. मग कोणी हसेना. धावणारे मूल चेंडूकडे पाहते, समोर उभ्या बापाकडे नाही. हे आमच्यापैकी एकट्या दाबक्यांना आधीच कळले होते.

त्या शुक्रवारी त्यांची दहा वर्षांची मुलगी रेवा इथला शेवटचा सामना खेळत होती. दुपारच्या विमानाने ती आणि तिची आई नलिनीताई पुण्यास कायमच्या जाणार होत्या. रेवाची पुढची शाळा तिथे. दाबके इथेच राहणार होते.

शेवटचा डाव. रेवाच्या संघाला विजयास तीन यार्ड उरले होते. रेवा पडली आणि नलिनीताई पट्टीत धावल्या. जोशींमुळे त्या बाजूस ताकीद आधीच मिळाली होती.

"पट्टीत पाय. पाच यार्ड."

"अहो, तिचा गुडघा फुटलाय!"

"गुडघा पाहिला. तुला बोलावणारच होतो. पायही पाहिला."

"सोडा हो दाबके, खलास करा आता!" जोशी ओरडले.

चेंडू पाच यार्ड मागे गेला. रेवाचा संघ हरला.

दुबईच्या विमानतळापर्यंत गाडी मी चालवली. नलिनीताई माझ्याशेजारी पुढे बसल्या. मागच्या सीटवर रेवा म्हणाली, "बाबा, यू कुड हॅव लुक्ड अवे."

"नजर फिरवायची, तर तिथे उभं कशाला राहायचं?"

ती थोड्या वेळाने त्यांच्याच खांद्यावर झोपली. दुबई येईपर्यंत दाबक्यांनी तो खांदा हलवला नाही.

काउंटरवर सामान जड भरले, म्हणून रेवाचे खेळाचे बूट बॅगेतून काढावे लागले. ते मांडीवर घेऊन दाबके परतले. संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही चहा घेतला. घरात दोनच कप बाहेर होते.

"नाना, पुढच्या सुट्टीत बसतील हे तिला?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. मग बुटांतली वाळू झटकली, आकार राहावा म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि बूट गॅलरीत वाळत ठेवले.